स्टँडवरची हजेरी

पंच्याहत्तर टक्के हा आकडा ज्याने काढला त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. भांडायचं नाहीये. फक्त विचारायचंय, बाबा रे, उरलेल्या पंचवीस टक्क्यांत पोरांनी कुठे बसायचं याचा काही विचार केला होतास का? आमच्या कॉलेजात हा नियम पहिल्याच दिवशी माईकवरून सांगितला गेला आणि मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली. हसू नका. बारावीपर्यंत माझा शाळेला एक खाडा नव्हता. आप्पा चार लोकांत सांगायचे, "मन्हा पोऱ्या ताप ऊना तरी शाळामा जास."

आप्पा म्हणजे माझे वडील. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात ते वजनकाट्यावर होते. आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो, दोघंच. मी नववीत असताना आई गेली. त्यानंतर घरात दोन पुरुष उरले आणि दोघंही एकापेक्षा एक मुके. "भाकर खाई ले", "दार लाई ले", "नळले पानी ऊनं का" एवढ्यावर आमचे दिवसच्या दिवस निघायचे. भांडण नव्हतं हो. उलट भांडण असतं तर निदान आवाज तरी झाला असता.

शहाद्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. बारावीचे माझे दोन मित्र, एक नाशिकला गेला, एक धुळ्याला. मी म्हटलं, काही हरकत नाही, नवीन होतील. पंधरा दिवस कॉलेज केलं न केलं तोच कावीळ झाली. आप्पांना शिफ्ट सांभाळून माझं पथ्यपाणी जमेना, म्हणून त्यांनी मला धानोऱ्याला मोठ्या आईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या काकूकडे नेऊन ठेवलं. तिथे दीड महिना बिनतेलाचं, बिनतिखटाचं खाऊन मी खाटेवर पडलो. डोळ्यांतला पिवळेपणा गेला तेव्हा ऑगस्ट संपला होता.

परत कॉलेजात गेलो आणि बघतो तर काय, सगळ्यांचं सगळं ठरून गेलेलं. कोण कोणाशेजारी बसतं ते ठरलेलं. प्रॅक्टिकलच्या बॅचेस पडलेल्या, जोड्या लागलेल्या. मी ज्या बाकावर जाऊन टेकायचो तिथे कोणीतरी दप्तर ठेवून म्हणायचं, "इथे आहे कोणीतरी." वाईट बोलायचे नाहीत. पण दिवसातून पाच वेळा "इथे आहे कोणीतरी" ऐकलं की माणसाला वाटायला लागतं, सगळीकडे कोणीतरी आहे, फक्त आपणच नाही. शेवटी मागच्या भिंतीला लागून एक मोडका बाक होता, त्यावर बसायला लागलो. त्यावर कोणी हक्क सांगितला नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी रसायनशास्त्राच्या तासाला हजेरी चालू होती. आमच्या वर्गाची हजेरी त्याच सरांकडे होती. वर्ग शंभराच्या वर, त्यामुळे नावं नाहीत, नंबर. सर मान खाली घालून भराभरा नंबर म्हणायचे आणि पोरं ओरडायची. माझा एकशे अठरा.

"एकशे अठरा."

"प्रेझेंट सर."

सरांनी मान वर केली. "थांब. एकशे अठरा तर कधीच येत नाही. उभा राहा. कोणाची प्रॉक्सी मारतोस?"

"माझीच सर," मी म्हणालो.

वर्ग फुटला. पोरं बाकं बडवून हसली. आता मला पण हसू येतं, पण तेव्हा कानशिलं तापली. सर म्हणाले, "फार शहाणा आहेस. आयकार्ड दाखव." आयकार्डं निघाली तेव्हा मी धानोऱ्याला खाटेवर. मी म्हणालो, "अजून मिळालं नाही सर." मग सरांनी वर्गाकडे बघून विचारलं, "हाच एकशे अठरा आहे असं सांगेल का कोणी? ओळखतं का याला कोणी?"

शंभर माना माझ्याकडे वळल्या. त्यांत एक पोरगा होता. तो रोज माझ्याच गाडीने यायचा. आमच्याच बाजूचा, कारखान्याच्या अलीकडे उतरणारा. एकदा त्याने मला सुटे मागितले होते, मी दिले होते. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने वहीत बघितलं. वाईट नव्हता बिचारा, उगाच कशाला लफड्यात पडा, एवढंच. पण मी आजही सांगतो, त्या दिवशी त्याने "हो सर, ओळखतो" एवढं म्हटलं असतं तर हे पुढचं काहीच घडलं नसतं. त्याचा राग अजून गेलेला नाही. जाणारही नाही.

सर म्हणाले, "बाहेर हो. आणि एकशे अठराला सांग, स्वतः ये म्हणावं."

दप्तर उचलून मी बाहेर आलो. मागे पुन्हा हसणं.

आता लोक मला म्हणतात, अरे, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जायचं, आयकार्ड काढून घ्यायचं, सरांच्या नाकासमोर धरायचं, दहा मिनिटांचं काम. हो रे बाबांनो, माहीत आहे मला. अठराव्या वर्षी तुम्हाला किती अक्कल होती तेही माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलोच होतो. पण आत पाऊल टाकलं की ऑफिसातला माणूस पण विचारेल, तूच कशावरून? मग मी कोणाला उभं करू? शंभर पोरांत, अख्ख्या कॉलेजात, अख्ख्या शहाद्यात, हा तोच आहे म्हणून सांगायला माझ्याकडे एक माणूस नव्हता. फाटकावरूनच मागे फिरलो आणि स्टँडवर येऊन बसलो.

आणि मग रोजच बसायला लागलो.

सव्वाआठच्या गाडीने उतरायचं, तोरणमाळची गाडी लागते त्या फलाटासमोरच्या बाकावर बसायचं, संध्याकाळी पाचच्या गाडीने घरी. मध्ये बारा वाजता डबा. हे माझं कॉलेज. तोच बाक का निवडला, तर तिथे डोंगरातली माणसं असायची. ती त्यांच्या पावरी बोलीत बोलायची, मला ओ की ठो कळायचं नाही, आणि त्यामुळेच बरं वाटायचं. मला कोणी काही विचारणार नाही याची खात्री. आमच्या सपाटीवरच्या माणसाशेजारी बसलं की दोन मिनिटांत, "कोन्हा रे तू? कोन्हा पोऱ्या? आठे काय करी ऱ्हायना?" सुरू होतं. मग काय सांगणार, कपाळ?

सुरुवातीला वह्या काढून अभ्यास करायचो. नंतर वह्या नुसत्या मांडीवर. मग गाड्या मोजायचो. धडगावची कधी लागते, नंदुरबारची किती उशिरा येते, कोणता ड्रायव्हर रिव्हर्स घेताना मागे बघत नाही, सगळं पाठ झालं. त्या वेळी परीक्षा घेतली असती तर पहिला आलो असतो. मोबाइल होता, पण त्यात नंबर दोन. आप्पांचा आणि मोठ्या आईचा. आप्पांना दिवसा फोन करायचा नाही, ड्युटीवर असतात, आणि मोठ्या आईला केला की ती रडायची. एका संध्याकाळी कंडक्टरला "पुरुषोत्तमनगर एक" म्हणायला गेलो तर घशातून नीट आवाजच निघेना. खाकरून पुन्हा बोलावं लागलं. तेव्हा लक्षात आलं की सकाळच्या तिकिटानंतर आपण आज तोंडच उघडलेलं नाही.

घरी आलो की आप्पा विचारायचे, "व्हयनं का कालेज?" मी म्हणायचो, "व्हयनं." त्यांना समाधान. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटायचं. पण हे पण खरं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर तसं वाटायचंही कमी झालं. खोट्याचीही सवय लागते, आणि ती हजेरीच्या सवयीपेक्षा लवकर लागते.

बाकापासून दहा पावलांवर एक पपईची लोटगाडी असायची. पपईवाले काका पन्नाशीच्या पुढचे, डोक्यावर टोपी, फोडी कापून त्यांवर मीठमसाला टाकून द्यायचे. अडीच महिन्यांत त्यांचं-माझं बोलणं झालं असेल ते इतकंच की एकदा वारा सुटला तेव्हा ते ओरडले, "कागद सांभाय रे भो!" आणि मी वही दाबून धरली.

पण कॉलेजच्या पोरांत काका फार प्रसिद्ध. का, ते मला स्टँडवर बसूनच कळलं. हजेरी कमी भरली की कॉलेज म्हणणार, पालकाला घेऊन या आणि हमीपत्रावर सही करा. आता आमच्याकडे दिवाळी झाली की डोंगरातली अर्धी गावं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. पोरगं वसतिगृहात, आई-बाप सुरतेकडे फडात. त्याने आणायचा कुठून पालक? असाच एक पोरगा कधीतरी काकांच्या गाडीपाशी रडत उभा होता म्हणे. काका म्हणाले, चल, मी येतो. झालं. तेव्हापासून काका सगळ्यांचे बाप. पुढे पुढे तर ज्यांचे बाप घरी सुपारी कातरत बसलेले तेही काकांना न्यायला लागले. प्रत्येक वर्गाची हजेरी वेगळ्या सरांकडे, म्हणून हे खपून जायचं. काका पैसे घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "च्या पाजा. माले दोन पोरीच, पोऱ्या नई. तेवढंच दोन घटका पोऱ्याना बाप व्हवानं सुख."

दिवाळीनंतर हजेरीची यादी लागली. परीक्षेचे फॉर्म सुटलेत असं पपईच्या गाडीपाशी जमणाऱ्या पोरांच्या बोलण्यातून कळलं म्हणून मी जीव मुठीत धरून कॉलेजात गेलो. काचेच्या फलकात यादी. कोणाचे साठ, कोणाचे बावन्न. माझ्या नंबरापुढे नऊ. खाली लिहिलेलं, तीन दिवसांत पालकांसह भेटावे, अन्यथा परीक्षा फॉर्म स्वीकारला जाणार नाही. म्हणजे वर्ष बुडालं. आणि वर्ष बुडालं तर ते आप्पांना कळणार. खरं सांगतो, वर्षाचं मला फारसं काही वाटलं नाही. पण ताप आला तरी शाळेत जाणारा पोऱ्या अडीच महिने स्टँडवर बसून होता, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यात कारखान्याचा हंगाम सुरू झालेला. उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. काट्यावरच्या माणसाने हंगामात रजा मागणं म्हणजे घरात काहीतरी झालंच असं लोक समजतात.

दोन दिवस मी नुसता बसून काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी पपईच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. काकांनी सुरी थांबवली.

"बाप पाहिजे?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"तुन्हा बाप कथा शे?"

"कारखान्यात."

"जित्ता शे ना?"

"हो."

"मंग?"

मी पपईच्या फोडींकडे बघायला लागलो. काका गाडीवर ओलं फडकं टाकून म्हणाले, "बरं. चल. पन बोलशी तू नई, मी बोलसू."

सरांच्या केबिनमध्ये गेलो. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "एकशे अठरा? तुला मी कधी पाहिलंच नाही बाबा."

पाहिलंच नाही! ज्या पाच मिनिटांनी माझे अडीच महिने गिळले ती या माणसाच्या लक्षातसुद्धा नव्हती. अंगाचा तिळपापड झाला. पण बोलायचं काकांचं ठरलेलं.

काकांनी हात जोडले. "मन्हा पोऱ्या शे सायेब. लेकरू शे, चुकनं. आते नई चुकाव."

"अहो, पण नऊ टक्के?" सर म्हणाले. "मुलगा कॉलेजला येत नाही, हे तुम्हाला घरी कळत नाही का?"

इथे काकांनी मान खाली घालून "नई कळनं सायेब" म्हणायचं होतं. इतक्या वेळा म्हटलेलं, तोंडपाठ. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, काका एकदम तापले. सख्ख्या बापाने तापावं तसे तापले.

"कसा येत नई सायेब? रोज येस! सव्वाआठनी गाडीवरथीन उतरस, पाचनी गाडीवर जास. पानी ऊना तरी येस. बारा वाजता डबा खास, येकटाच. कोन्हासंगे बोलस नई, कोन्हाकडे दखस नई. अडीच महिना व्हई गयात, एक दिन खाडा नई. मी दखस ना रोज!"

"कुठे?" सरांनी विचारलं.

काकांच्या लक्षात आलं. त्यांनी जीभ चावली, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि हळूच म्हणाले, "स्टँडवर सायेब. मन्ही पपईनी गाडी तठेच ऱ्हास."

मला रडू आलं. पकडलो गेलो म्हणून नाही. कोणीतरी माझी हजेरी घेत होतं आणि मला पत्ताच नव्हता, म्हणून. ते आवरायला मी मोठ्याने बोललो, जरा जास्तच मोठ्याने. "सर, तुम्ही मला पाहिलंय. सप्टेंबरमध्ये. प्रॉक्सी म्हणून बाहेर काढलं होतं. एकशे अठराला स्वतः पाठव म्हणाला होतात."

सरांनी चष्मा काढला. आठवलं असावं. "मग तेव्हाच सांगायचं नाही का, की मीच आहे म्हणून?"

"सांगितलं होतं सर."

सरांनी हमीपत्राचा कागद उगाच सरळ केला. काकांकडे बघून हसावं की रागवावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी म्हणाले, "मी एक दिवस थांबतो. पण या कागदावर सही खऱ्या वडिलांचीच लागेल. उद्या अकराला घेऊन ये. नाही आणलंस तर मला काही करता येणार नाही."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "माफ कर रे भो. खोटं बोलाले गऊ आनि खरंच निंघी गयं." मी चहाचं विचारलं. त्यांनी घेतला नाही.

संध्याकाळी आप्पा ड्युटीवरून आले, हातपाय धुतले आणि खिचडी टाकायला बसले. मी भाषण पाठ करावं तसं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. कावीळ, आयकार्ड, प्रॉक्सी, सगळं क्रमाने. तोंड उघडलं आणि एवढंच बाहेर आलं, "आप्पा, मी कालेजमा गऊच नई. स्टँडवर बसू. उद्या तुमले बलायेल शे."

कुकरचं झाकण हातात घेऊन ते थांबले. आता कानाखाली बसणार. मला बसायला हवी होती, खरंच हवी होती.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"बरं," ते म्हणाले आणि झाकण लावलं. जेवताना त्यांनी मला दोनदा तूप विचारलं. आणखी काही नाही. इतकं एकटं मला स्टँडवरसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते तयार. कोणाला तरी सांगून शिफ्ट बदलून घेतली होती. गाडीत शेजारी बसलो, गावं मागे गेली, दोघांची नजर खिडकीबाहेर. केबिनच्या दारात आप्पांनी चपला काढल्या. तिथे कोणी काढत नाही. मी म्हणालो, राहू द्या, तरी काढल्या.

सर त्यांच्याशी चांगलं बोलले, पण बोलले. "अडीच महिने तुमचा मुलगा स्टँडवर बसून होता. तुम्हाला पत्ता नव्हता?"

आप्पांची नजर टेबलावर. "नई सर. मन्हं ध्यान नई ऱ्हायनं. चूक मन्हीच."

त्यांनी सही केली. काट्यावर दिवसाला शेकडो पावत्यांवर करतात तशी भरभर नाही, एकेक अक्षर काढून. सरांनी अटी सांगितल्या. राहिलेल्या आठवड्यांत एक तास चुकवायचा नाही, बुडालेली प्रॅक्टिकलं जादा येऊन करायची, आजच अडीचच्या बॅचला हजर व्हायचं. फॉर्म घेतला. ऑफिसात चिठ्ठी देऊन आयकार्डसुद्धा करायला टाकलं. वर्ष वाचलं. ज्यासाठी एवढा आटापिटा, ते दहा मिनिटांत झालं.

आप्पांना गाडीत बसवून द्यायला मी स्टँडवर आलो. ते पुढे, मी मागे. फलाट ओलांडून ते थेट तोरणमाळच्या गाडीसमोरच्या बाकावर जाऊन बसले. मी त्यांना कोणता बाक ते सांगितलं नव्हतं. स्टँडवर बाक वीसेक असतील.

मी उभाच राहिलो.

"बस," ते म्हणाले. मी बसलो. मग म्हणाले, "तुले दखं व्हतं मी आठे. दोन-तीन येळा. बँकमा काम व्हतं, तव्हय."

"मग हाक का नाही मारली?"

आप्पा समोरच्या गाडीकडे बघत राहिले. त्यांना बोलायला किती कष्ट पडत होते ते दिसत होतं. "माले वाटनं, कोन्हीनी तरी वाट दखी ऱ्हायना. पोरगी बी व्हई, नई ते दोस्त. मी म्हनं, बरं व्हयनं. तुन्ही माय गई तव्हयपाईन घरमा कोन्ही बोलाले नई तुले. मी असा. मी म्हनं, पोऱ्याले कोन्ही तरी भेटनं, आपन मधमा कसाले जावानं. म्हनीसन तिकडथीन, बाजारवरथीन फिरीसन गऊ." मग जरा लाजून म्हणाले, "तव्हयपाईन डबामा एक भाकर जास्ती टाकू. दोन जन खातीन म्हनीसन."

ती भाकरी मी रोज कुत्र्याला टाकायचो. मी नुकताच आजारातून उठलोय म्हणून आप्पा जास्त घालतात, असं मी समजत होतो. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही आणि त्या माणसाची इतकी दयाही कधी आली नाही. तो अडीच महिने सुखात होता. माझं कोणीतरी आहे म्हणून.

"कोन व्हतं?" त्यांनी विचारलं.

कोणाचं तरी नाव घ्यावं असं मनात आलं. एक खोटं नाव. अडीच महिने खोटं बोललो, आणखी एक काय जड होतं? जमलं नाही.

"कोन्हीच नई, आप्पा."

"कोन्हीच नई?"

"नई."

त्यांची गाडी लागली. कंडक्टरने दोनदा ओरडून सांगितलं. माणसं चढली, दार लागलं, गाडी मागे आली, वळली आणि निघून गेली. आप्पा उठले नाहीत.

"आप्पा, गाडी गेली," मी म्हणालो. "दुपारची शिफ्ट आहे ना तुमची?"

"जाऊ दे." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "तुन्हा तास कव्हय शे?"

"अडीचला."

"मंग तवलग बससू मी," आप्पा म्हणाले.